रक्तांतील दूध

आमच्या एका स्नेह्यांचें रक्त गेल्या पावसाळ्यांत तपासण्यांत आलें. तपासणीपूर्वींचा बारा तासांचा उपास त्यांनीं एकादशीच्या निष्ठेनें पाळला होता. साबुदाण्यालाहि शिवले नव्हते. तरीहि नळींतील रक्त खालीं बसल्यावर वर जें पाणी उरलें तें नेहमींच्या फिकट पिवळ्या रंगाचें न दिसतां ताकाच्या निवळीसारखें पांढुरकें दिसलें. कागदावर ट्रायग्लिसराइड या नांवापुढें ६२० हा आंकडा होता, आणि तो १५० च्या आंत असावा अशी टीप शेजारींच छापलेली होती. घरांत लगोलग वाद सुरू झाला. आजीबाईंनीं तुपावर ठपका ठेवला. कोलेस्टेरॉलचा आंकडा मर्यादेंत आहे, तेव्हां हृदयाला भय नाहीं, असा निर्वाळा चिरंजीवांनीं दिला. आणि खुद्द स्नेही, ‘आम्ही मांसमच्छीला शिवत नाहीं, मग रक्तांत चरबी येणार कोठून?’ असें आम्हांसच विचारूं लागले. आम्ही वैद्य नाहीं, डॉक्टरहि नाहीं. परंतु प्रश्न मनांत घर करून राहिला. त्याचा माग काढीत मागें गेलों तेव्हां असें आढळलें कीं, रक्तांतलें हें दूध मनुष्यानें साडेतीनशें वर्षांपूर्वींच पाहिलें होतें. तें काय आहे हें कळण्यास पुढें दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. आणि तें रक्तवाहिन्यांचें काय करतें या वादाचा निकाल तर आमच्या हयातींत लागत आहे, व तोहि अजून पुरता लागलेला नाहीं. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

कथेचा आरंभ इटलींतील एका कुत्र्यापासून होतो. सन १६२२ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस गास्पारे असेली या शस्त्रवैद्यानें कांहीं मित्रांच्या आग्रहावरून एका जिवंत कुत्र्याची चिरफाड केली. (त्या काळच्या या क्रौर्याबद्दल आम्ही कांहीं लिहीत नाहीं, वाचकांस तें न लिहितांहि जाणवेल.) मानेंतील मज्जातंतु दाखवून झाल्यावर श्वासपटलाची हालचाल पाहावी म्हणून त्यानें पोट उघडलें, तों आंतड्यांवर आणि त्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें पसरलेलें दिसलें. हेहि मज्जातंतूच असावेत असें त्यास प्रथम वाटलें. पण त्यांतील एकास टोंचतांच आंतून दुधासारखा रस उसळला. थोड्या वेळानें कुत्रें मेलें, आणि दोरे दिसेनासे झाले. मग दुसरें कुत्रें उघडलें, तर त्यांत कांहींच नाहीं! तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, पहिलें कुत्रें भरपेट जेवलेलें होतें, दुसरें उपाशी होतें. तिसऱ्यास आधीं खाऊं घातलें. पांढरे दोरे पुन्हां हजर. असेलीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, सन १६२७ मध्यें, रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाला. हे मार्ग यकृताकडे जातात ही त्याची समजूत मात्र चुकीची होती. तो रस यकृताला वळसा घालून, छातींतील एका नळीवाटे वर चढून, मानेच्या बुडाशीं थेट रक्तांत मिसळतो, हें सन १६५१ मध्यें झां पेके या फ्रेंच तरुणानें दाखवून दिलें. रक्ताभिसरण शोधून काढणारा प्रत्यक्ष हार्वे, पण त्यालासुद्धां या पांढऱ्या वाहिन्यांचें महत्त्व शेवटपर्यंत पटलें नाहीं. मोठ्या माणसांनाहि सर्वच गोष्टी पटत नाहींत.

जेवणांतला हा पांढरा रस रक्तांत जातो, मग रक्तहि पांढरें दिसावयास हवें. तसें तें दिसलेंहि. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मासिकांत सन १६६५ मध्यें एक छोटी हकीकत छापली आहे. एका दासीनें सकाळीं सातच्या सुमारास चांगली भरपेट न्याहारी केली, व अकराच्या सुमारास तिच्या पायांतून रक्त काढण्यांत आलें. तें वाडग्यांत धरलें असतां थोड्याच वेळांत पांढरें झालें, आणि विस्तवावर ठेवतांच अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें घट्ट झालें. हकीकत लिहिणाऱ्यास याचें कारण माहीत नव्हतें. पण सात आणि अकरा हे दोन आंकडे त्यानें टिपून ठेवले हे मोठे उपकार झाले. कारण जेवणानंतर रक्तांतील चरबी साधारण तीन ते चार तासांनीं शिगेस पोंचते, हें आज कोणीहि सांगेल. त्या काळीं बहुतेक रोगांवर शीर तोडून रक्त काढण्याचीच चाल असल्यामुळें वैद्यांपुढें नेहमीं वाडगे भरलेले असत, व त्यांपैकीं एखादा पांढरा निघे. पुढें विल्यम ह्यूसन यानें अठराव्या शतकांत या पांढरेपणाचें मूळ चरबींत आहे असा तर्क केला, आणि एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यानें सन १८३० मध्यें तसें रक्तजल ईथराबरोबर घुसळून त्यांतून खरोखरच चरबी वेगळी काढून दाखविली.

येथें आमच्याकडील एखादा अभिमानी वाचक विचारील कीं, चरकसुश्रुतांनीं मेद हा सप्तधातूंपैकीं एक सांगितला आहे, अतिस्थूल मनुष्याचे आठ दोष चरकानें मोजले आहेत, माधवनिदानांत मेदोरोगावर स्वतंत्र प्रकरण आहे. मग हें ज्ञान आपल्याकडे नव्हतें काय? स्थूल मनुष्याचें आयुष्य घटतें हें त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि तें खरेंच पाहिलें होतें. पण मेद आणि ट्रायग्लिसराइड यांमध्यें बरोबरीचें चिन्ह घालणें हा पूर्वजांचा गौरव नसून त्यांच्या तोंडीं आपले शब्द घालणें आहे. तो मोह आम्ही आवरतों.

तर ही चरबी म्हणजे आहे तरी काय? या प्रश्नाचें उत्तर दवाखान्यांतून आलें नाहीं. तें साबणाच्या वडींतून आलें. कार्ल शीले या स्वीडनमधील औषध-विक्रेत्यानें सन १७७९ च्या सुमारास ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर उकळलें असतां त्यांतून एक गोड, चिकट पदार्थ निघाला. तेंच ग्लिसरीन. तेलांत गोडी कशी, याचा उलगडा मात्र झाला नाहीं. सन १८११ मध्यें डुकराच्या चरबीपासून केलेला एक साबण पॅरिस येथील पंचवीस वर्षांच्या मिशेल शेव्ह्रलपुढें तपासणीस आला. त्या साबणांतून त्यास चकचकीत स्फटिक मिळाले. तेथून बारा वर्षें हा गृहस्थ चरबीपाठीमागें लागला. गाय, मेंढी, डुक्कर, मनुष्य, जी चरबी मिळेल ती त्यानें फोडली, व सन १८२३ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य सिद्धांत असा कीं, चरबी हा एकजिनसी पदार्थ नाहीं. ग्लिसरीन आणि कांहीं आम्लें यांच्या संयोगानें ती बनते, आणि साबण करतांना हा संयोग मोडतो. पुढें सन १८५४ च्या सुमारास मार्सेलें बर्तलो यानें ग्लिसरिनाच्या एका कणास आम्लाचे तीन कण जोडून प्रयोगशाळेंत चरबी तयार केली. तीन म्हणून ‘ट्राय’. आमच्या स्नेह्यांच्या कागदावरील लांबलचक नांवाचा इतकाच अर्थ. आणि शेंगदाण्याचें तेल, साजूक तूप, खोबरें व आपल्या पोटावरची वळी हीं सर्व मुख्यतः याच एका जातीचीं आहेत.

शेव्ह्रल हा मनुष्य जसा चिकाटीचा तसा दीर्घायुषी. सन १७८६ मध्यें जन्मलेला हा रसायनवेत्ता सन १८८९ च्या वसंतांत, पॅरिसचा आयफेल मनोरा पुरा होत असतां, एकशें दोन वर्षांचा होऊन वारला. त्याचें नांव त्या मनोऱ्यावर कोरलेलें आहे. त्याच्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पित्ताच्या खड्यांतून निघणारा एक मेणचट पदार्थ साबणाच्या क्षारानें फुटत नाहीं, म्हणजे तो चरबी नव्हे, हें ओळखून त्यास ‘कोलेस्टेरीन’ हें नांव यानेंच दिलें. धमन्यांच्या रोगाबद्दल पुढें ज्या दोघांवर आरोप व्हावयाचा होता, त्या दोघांचीहि ओळख अशी एकाच माणसानें करून दिली.

चरबी पोटांत फुटते कशी, हें क्लोद बेर्नार याला सन १८४६ च्या सुमारास सशांत दिसलें. सशाच्या स्वादुपिंडाची नळी पित्तनळीच्या बरीच खालीं आंतड्यास मिळते, आणि असेलीचे ते पांढरे दोरे सशांत नेमके त्या नळीच्या खालींच सुरू होतात. अर्थात् चरबी फोडण्याचें काम मुख्यतः स्वादुपिंडाच्या रसाचें. फुटलेली चरबी आंतड्यांच्या भिंतींतून आंत शिरते, पलीकडे पुन्हां जुळते, आणि बारीक गोळ्यांच्या रूपानें त्या दोऱ्यांतून रक्तांत जाते. या गोळ्या जिवंत चमकतांना पाहिल्या त्या अमेरिकेंतील कॉर्नेल येथील सायमन गेज या प्राध्यापकानें. काळोख्या पार्श्वभूमीवर तिरपा प्रकाश टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकांत, जेवणानंतर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत, उन्हाच्या कवडशांतील धुळीसारखे असंख्य कण नाचतांना त्यास दिसले. सन १९२० च्या सुमारास त्यानें त्यांस ‘कायलोमायक्रॉन’, म्हणजे अन्नरसाचे सूक्ष्म कण, असें नांव दिलें.

मग हे कण जातात कोठें? सकाळच्या न्याहारीचें दूध संध्याकाळीं रक्तांत का राहत नाहीं? याचें उत्तर योगायोगानें लागलें. रक्त गोठूं नये म्हणून देण्यांत येणारें हेपॅरिन हें औषध भरल्या पोटीं असलेल्या कुत्र्यांस टोंचलें असतां त्यांचें पांढरें रक्तजल थोड्याच वेळांत निवळतें, हें पॉल हान यानें सन १९४३ मध्यें प्रसिद्ध केलें. गंमत अशी कीं, तेंच औषध नळींतल्या पांढऱ्या रक्तजलांत टाकल्यास कांहींएक होत नाहीं. म्हणजे निवळणारें द्रव्य औषधांत नाहीं. तें शरीरांतच कोठें तरी चिकटून बसलें असलें पाहिजे व औषध त्याला सोडवीत असलें पाहिजे. सन १९५५ मध्यें एडवर्ड कॉर्न यानें त्याची ओळख पटविली. स्नायु व मेद यांतील केशवाहिन्यांच्या आंतल्या भिंतीस लायपेज नांवाचें हें पाचक द्रव्य चिकटलेलें असतें. चरबीचे कण वाहत येऊन त्यास टेकतात, तें त्यांतील चरबी फोडून शेजारच्या पेशींस वांटतें, आणि रिकामा होत चाललेला कण पुढें जातो. या रिकाम्या कणाचा वाचकांनीं विसर पडूं देऊं नये.

आतां रक्तवाहिन्यांकडे वळूं. म्हाताऱ्या माणसांच्या धमन्या आंतून जाड व खडबडीत होतात, त्यांत पिवळट लापशीसारखा पदार्थ सांठतो, हें शवविच्छेदन करणारे पूर्वींपासून पाहत होते. त्या लापशींत कोलेस्टेरॉल पुष्कळ असतें हें सन १९१० मध्यें आडोल्फ विंडाउस यानें मोजून दाखविलें. आणि सन १९१३ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिचकोव्ह व सेम्यॉन खलातोव्ह यांनीं सशांस तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत तशीच विकृति उत्पन्न केली. नुसत्या तेलावर ठेवलेल्या सशांस ती झाली नाहीं. पुरावा सणसणीत होता. गुन्हेगार सांपडला, आणि त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या ट्रायग्लिसराइडास कोणीं फारसें विचारलें नाहीं. तशांत तें मोजणेंहि कठीण. एकूण चरबींतून बाकीचे सारे घटक वजा करून जें उरेल तें ट्रायग्लिसराइड, अशी उसनवारीची रीत होती. ज्याचें माप नाहीं त्यावर आरोप कोण ठेवणार?

चरबी पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून रक्तांत ती प्रथिनांच्या वेष्टणांत बांधून न्यावी लागते, आणि त्याच गाठोड्यांत कोलेस्टेरॉलहि असतें. हीं गाठोडीं वेगवेगळ्या वजनांचीं असतात हें स्पष्टपणें दाखविलें तें बर्कली येथील जॉन गॉफमन यानें. डेऱ्यांतील ताक घुसळलें म्हणजे लोणी वर येतें. त्याच न्यायानें, पण मिनिटास हजारों फेरे घेणाऱ्या यंत्रांत रक्तजल फिरवून, त्यानें हलकीं गाठोडीं वर आणिलीं व जड खालीं ठेविलीं. सन १९५० च्या आपल्या निबंधांत त्याचें म्हणणें असें होतें कीं, एकूण कोलेस्टेरॉल किती यापेक्षां तें कोणत्या गाठोड्यांत आहे हें अधिक महत्त्वाचें. आंतड्यांतून येणाऱ्या कणांखेरीज यकृतहि स्वतः चरबी तयार करून अशींच हलकीं गाठोडीं रक्तांत सोडतें, हें हळूहळू ध्यानांत आलें. उपास केला तरी ट्रायग्लिसराइड राहतें तें यामुळें.

सन १९५९ मध्यें येल विद्यापीठांतील मार्गारेट ऑलब्रिंक व एव्हलिन मॅन या दोन विदुषींनीं हृदयविकाराच्या रोग्यांचें रक्त तपासून असें प्रसिद्ध केलें कीं, कोलेस्टेरॉलपेक्षां ट्रायग्लिसराइड वाढलेले रोगीच त्यांत जास्त आढळतात. दोन वर्षांनीं न्यूयॉर्क येथील एडवर्ड आरेन्स यांनीं दुसरा धक्का दिला. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या बहुतेक रोग्यांत तें तुपातेलानें चढत नसून पिष्ट व साखर यांनीं चढतें, असें त्यांच्या प्रयोगांत दिसलें. खाल्लेली जादा साखर यकृत चरबींत बदलतें आणि बांधून बाहेर पाठवितें. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. मांसमच्छी नको, तूपहि नको. भात, साखरेचा चहा, दिवसांतून चार वेळां होणारा फराळ आणि रक्तांतील साखर ताब्यांत नसणें, इतकें पुरेसें आहे. मद्याचा परिणामहि असाच होतो, पण त्या दिशेनें आमच्या स्नेह्यांवर कोणीं संशय घेऊं नये.

सन १९६७ मध्यें डोनाल्ड फ्रेडरिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं रक्तांतील चरबीच्या विकारांचे पांच वर्ग पाडले, आणि ट्रायग्लिसराइडास प्रथमच मानाचें पान मिळालें. पांच वर्षांनीं याच मंडळींपैकीं कांहींनीं एक सुटसुटीत सूत्र दिलें. एकूण कोलेस्टेरॉलमधून जड गाठोड्यांतलें, ज्यास लोक ‘चांगलें’ म्हणतात तें, वजा करा. ट्रायग्लिसराइडाचा एकपंचमांश वजा करा. उरेल तें ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. जगभर कोट्यवधि लोकांना बारा तास उपाशी ठेवण्याचें एक मोठें कारण हें सूत्र होय. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड चढतें, आणि मग वजाबाकी चुकते! मनुष्य दिवसाचे बहुतेक तास जेवलेल्या स्थितींत काढतो, आणि त्याची परीक्षा मात्र जेवलेला नसतांना घ्यावयाची. या विसंगतीकडे बराच काळ कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

यापुढें ट्रायग्लिसराइडाचे दिवस फिरले. सन १९८० मध्यें स्टीफन हली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आजवरचा पुरावा तपासून सांगितलें कीं, ट्रायग्लिसराइड आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो खरा. पण ‘चांगलें’ कोलेस्टेरॉल कमी असणें वगैरे इतर गोष्टी हिशेबांत घेतल्या म्हणजे तो विरतो. केवळ या आंकड्यासाठीं निरोगी माणसांस औषधें देणें उचित नाहीं. आमच्या मतें हा निबंध या साऱ्या इतिहासांत अत्यंत प्रामाणिक आहे. त्यास पार्श्वभूमीहि तशीच होती. ट्रायग्लिसराइड उतरविणाऱ्या क्लोफायब्रेट या औषधाची मोठी चाचणी सन १९७८ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत हृदयाचे झटके कमी होऊनहि औषध घेणाऱ्यांत इतर कारणांचे मृत्यु वाढलेले आढळले होते. शिवाय एक जुनें कोडें पुढें उभें होतें. सन १९३२ मध्यें माक्स ब्युर्गर व ओटो ग्र्युट्झ या जर्मन वैद्यांनीं एका मुलाचें वर्णन केलें होतें. त्याचें रक्त सायीसारखें, यकृत व प्लीहा वाढलेलीं, कातडीवर पिवळ्या पुटकुळ्या. अशा मुलांत लायपेजच नसतें, हें पुढें सन १९६० मध्यें रिचर्ड हॅवेल व रॉबर्ट गॉर्डन यांनीं दाखविलें. यांचें ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरांत असतें. त्यांचें स्वादुपिंड सुजून जीव धोक्यांत येतो. परंतु त्यांच्या धमन्या? त्या बहुधा बऱ्याच स्वच्छ राहतात! ट्रायग्लिसराइड जर धमन्यांचा शत्रु, तर त्याच्या महापुरांत बुडालेलीं हीं मुलें कोरडीं कशीं?

हें कोडें सुटण्याची वाट डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनीं सन १९७९ मध्येंच दाखवून ठेविली होती. योगायोग असा कीं, हेहि गेज यांच्याच कॉर्नेलचे. त्यांनीं आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच धमनीकाठिण्य ही जेवणानंतरच्या वेळीं घडणारी गोष्ट आहे असें म्हटलें. ताजा, चरबीनें फुगलेला कण धमनीच्या भिंतींत शिरण्यास फार मोठा असतो. लायपेज त्यांतील चरबी काढून घेतें तेव्हां तो लहान होतो, आणि त्यांतील कोलेस्टेरॉल मात्र तसेंच राहतें. हे उच्छिष्ट कण यकृतानें त्वरित उचलावयाचे असतात. पण ज्याच्या रक्तांत गाठोड्यांची गर्दी फार, त्याच्या रक्तांत ते रेंगाळतात, धमनीच्या अस्तराआड शिरतात, तेथें अडकून पडतात. भक्षक पेशी त्यांस गिळून फुगतात, भिंत सुजते, आणि अनिचकोव्हच्या सशांत दिसलेली ती लापशी सांचूं लागते. ज्या मुलांत लायपेजच नाहीं त्यांचे कण उच्छिष्टच होत नाहींत, म्हणून आंत शिरत नाहींत. ट्रायग्लिसराइड स्वतः भिंतींत सांठत नाहीं. शरीर तें वापरून टाकतें. तें ज्या गाडीतून येतें ती गाडी रिकामी होऊन वाटेंत अडते, ही खरी अडचण. भरीस भर म्हणजे गर्दी झाली कीं गाठोड्यांमध्यें देवघेव सुरू होते. ‘चांगल्या’ गाठोड्यांतील कोलेस्टेरॉल निघून जातें, आणि ‘वाईट’ गाठोडीं अधिक लहान व घट्ट होतात. हली यांच्या हिशेबांत संबंध विरला तो यामुळेंहि. कारण त्यांनीं जी गोष्ट बाजूस काढली ती या रोगाचीच दुसरी बाजू होती.

उपासाचा आग्रह सोडून पाहिलें तेव्हां चित्र पालटलें. कोपनहेगन शहरांतील सुमारें १४,००० नागरिकांचें रक्त सन १९७६ ते १९७८ या काळांत, ते जेवले होते कीं नव्हते हें न पाहतां, घेण्यांत आलें होतें. बोर्गे नोर्डेस्टगार्ड व सहकारी यांनीं सन २००७ मध्यें त्यांचा पुढील पंचवीसएक वर्षांचा हिशेब मांडला. न-उपाशी ट्रायग्लिसराइड जसें चढतें तसे हृदयाचे झटके व अकाल मृत्यु चढते होते. तेव्हांपासून डेन्मार्क व पुढें युरोपांतील पुष्कळ तज्ज्ञ नेहमींच्या तपासणीस उपास अनावश्यक मानूं लागले. याहून मोठा पुरावा सन २०१४ मध्यें आला. लायपेजच्या व यकृताच्या कामांत अडथळा आणणारें एक प्रथिन शरीरांत असतें, त्यास अपो-सी-३ म्हणतात. जन्मतःच ज्यांच्यांत त्याचें एक जनुक बिघडलेलें असतें त्यांचें ट्रायग्लिसराइड सुमारें ४० टक्क्यांनीं कमी, आणि त्यांस हृदयविकाराचा धोकाहि सुमारें ४० टक्क्यांनीं कमी, असें दोन स्वतंत्र निबंधांनीं दाखविलें. जन्मभर निसर्गानेंच केलेला हा प्रयोग. त्यांत कोणीं पक्षपात केला असें म्हणतां येत नाहीं.

या सर्वांशीं आपला संबंध काय? दुर्दैवानें फार निकटचा आहे. सन १९९१ मध्यें पॉल मॅकीग यांनीं पश्चिम लंडनमधील हिंदी लोक व तेथील गोरे यांची तुलना केली, तेव्हां आपल्या लोकांत पोटाचा घेर, रक्तांतील इन्सुलिन व ट्रायग्लिसराइड अधिक आणि ‘चांगलें’ कोलेस्टेरॉल कमी असें आढळलें. याचें मूळ किती खोल आहे हें पुण्यानें दाखविलें. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं सन २००४ मध्यें लंडनचे आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एकत्र काढलेलें एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ मध्यें छापलें. दोघांचेंहि उंचीच्या मानानें वजन अगदीं सारखें, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! हाडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या अंगांत अशी छुपी चरबी असते, आणि पुण्याजवळील खेड्यांतील पाहणींत तर ती नवजात बालकांतसुद्धां दिसून आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या पाहणीचे आंकडे सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झाले, तींत महाराष्ट्र, तमिळनाडु, झारखंड व चंडीगड येथील २९.५ टक्के प्रौढांचें ट्रायग्लिसराइड वाढलेलें होतें. वाढलेलें कोलेस्टेरॉल १३.९ टक्क्यांतच आढळलें. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांचा निर्वाळा किती अपुरा होता हें यावरून दिसेल.

उपचारांची कथा मात्र सरळ नाहीं. डेन्मार्कचे बँग व डायरबर्ग हे सन १९७० मध्यें ग्रीनलंडच्या बर्फांत कुत्र्यांच्या गाड्यांवरून हिंडले. सील व माशांवर जगणाऱ्या तेथील लोकांचें रक्त त्यांनीं आणिलें, तों त्यांत ट्रायग्लिसराइड फारच थोडें. तेथून माशाच्या तेलाचा बोलबाला सुरू झाला. सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ८,१७९ रोग्यांच्या चाचणींत माशाच्या तेलापासून शुद्ध केलेल्या एका अर्कानें हृदयाचे अपाय २५ टक्क्यांनीं घटविले. पण तुलनेसाठीं दुसऱ्या गटास दिलेलें खनिज तेलच अपायकारक ठरलें कीं काय, असा वाद लगेच उठला, आणि सन २०२० मध्यें दुसऱ्या तशाच अर्काची चाचणी निष्फळ म्हणून अर्ध्यावर थांबविण्यांत आली. सन १९८७ च्या हेलसिंकी येथील चाचणीनें दिलेली आशा पुढील औषधांनीं टिकविली नाहीं. सन २०२२ मध्यें पेमाफायब्रेट या नव्या औषधानें १०,४९७ मधुमेही रोग्यांत ट्रायग्लिसराइड चांगलेंच उतरविलें. हृदयाचे झटके मात्र तितकेच राहिले. त्या औषधानें उच्छिष्ट कण नाहींसे न करतां केवळ ‘वाईट’ गाठोड्यांत रूपांतरित केले, असा त्याचा अर्थ लावतात. गाड्यांची संख्या तीच, फक्त मालाचा भार कमी. आतां औषधशास्त्री अपो-सी-३ वरच घाव घालूं लागले आहेत. ब्युर्गर व ग्र्युट्झ यांनीं वर्णिलेल्या रोगासाठीं असें एक औषध सन २०२४ च्या अखेरीस अमेरिकेंत मान्य झालें. तें धमन्यांसहि तारील काय, हें पाहावयाचें आहे.

आमच्या स्नेह्यांच्या रक्तांत साखरहि वाढलेली निघाली. तिचा बंदोबस्त झाला, फराळाचे डबे वरच्या फळीवर गेले, संध्याकाळचें फिरणें सुरू झालें, आणि चार महिन्यांनीं ६२० चे २१० झाले. धमन्यांच्या भिंतींत काय फरक पडला असेल असें त्यांनीं डॉक्टरांस विचारलें. तें या कागदावर येत नाहीं, असें उत्तर मिळालें. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. या खेपेस उपास करावयाचें कारण नाहीं असें सांगण्यांत आल्यामुळें ते जरा खट्टू झाले आहेत.